सही करून ठेवलेल्या झेरॉक्स

माझ्या जावयाने मुलीच्या नावावर चोरून कर्ज काढलं, असं आमच्या नातेवाइकांत अजून बोललं जातं. ते खोटं आहे.

मी नोकरीभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. कागदावर कुठे खाडाखोड दिसली की आम्ही तो परत पाठवत असू. घरीही माझी तीच शिस्त. मुलीच्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्सवर तिच्या सह्या आधीच घेऊन ठेवायचो. ती म्हणायची, "बाबा, कशासाठी देताय ते वर आडवं लिहीत जा हो." मी म्हणायचो, "कशाला कागद घाण करायचा?" तिच्यासाठी सिमकार्ड घेताना कर्वेनगरच्या चौकात छत्रीखाली बसलेल्या विक्रेत्याने या झेरॉक्सचा एक संच जास्त मागितला. मी दिला.

पुढे तिने विश्रांतवाडीत फ्लॅट ठरवला आणि बँकेने कर्ज नाकारलं. कुणीतरी तिच्या नावावर टीव्ही हप्त्यांवर उचलला होता. हप्ते थकल्यामुळे तिचा क्रेडिट स्कोअर घसरला होता. जावयाचं दुकान तेव्हा डबघाईला आलेलं, म्हणून तिने त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "टीव्ही घेतला असता तर घरात दिसला असता."

मग सुरू झाले हेलपाटे. बँक म्हणे, टीव्हीसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जा. कंपनी म्हणे, पोलिसांत तक्रार दिल्याची पोच आणा. चौकीत म्हणाले, कंपनीचं पत्र आणलंय का? फोन लावावा तर पलीकडून नुसती गाणी! शेवटी मुलीने क्रेडिट अहवालावरच हरकत नोंदवून कर्जाचे कागद मागवले. फोटो भलत्याच बाईचा, झेरॉक्सवर सही मात्र हिची.

"बाबा, ही कुणाला दिली होतीत?"

"माझ्याकडच्या सगळ्या जागच्या जागी आहेत," मी म्हणालो.

फोटोमुळे अहवालातली ती नोंद काढली गेली, पण तोवर फ्लॅट गेला होता. झेरॉक्स बाहेर कुणी दिली, हा प्रश्न जावयाला चिकटला तो चिकटलाच. मुलगी कित्येक दिवस माझ्याकडे राहिली आणि मी तिला गरम पोळ्या वाढत गप्प बसलो.

परवा दोघांना समोर बसवून सांगितलं. मुलगी उठून आत गेली. जावई म्हणाला, "मी घेतलं नाही हे मला माहीतच होतं, बाबा. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

भावाला फोन केला. "आता कशाला उकरतोस?" म्हणून त्याने विषयच बदलला. आळ घेताना यांना वेळ होता, ऐकून घ्यायला नाही! नातीच्या साखरपुड्याला हीच मंडळी जावयाच्या पंक्तीला बसणार आहेत. त्याआधी हे लिहिलेलं प्रत्येकाच्या हातात पडेल.