जबड्यातलं झेंडूचं फूल

मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. तांदळाच्या कोठ्या, घरांच्या पन्हळी, लग्नातल्या ट्रंका, असं काम. नवऱ्याने सुरू केलं. त्याला कल्याणला नोकरी लागली तेव्हा ते माझ्याकडे आलं. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं आणि पत्रा मोजणाऱ्या मलाच विचारायचं, मालक कुठे आहेत. आता कोणी विचारत नाही.

वर्कशॉपच्या मधोमध पत्रा वाकवायचं मशीन आहे. वीज लागत नाही, हातानेच चालतं. खाली लोखंडी बैठक, तिच्यावर बसणारी एक जड पट्टी. या दोघींच्या मधल्या फटीला आम्ही जबडा म्हणतो. पत्रा जबड्यात सरकवायचा, आखलेली रेघ कडेला आणायची आणि बाजूचा दांडा ओढायचा. पट्टी खाली येते, पत्रा पकडते. मग पुढची फळी उचलली की पत्रा रेघेवर वाकतो. साधं काम आहे, म्हणूनच माणूस चुकतो. पट्टी खाली येताना पत्रा कोणता आणि बोट कोणतं हे तिला कळत नाही. फळी उचलताना पत्र्याची कड वर झेपावते, तेव्हा हनुवटी मागे ठेवावी लागते. फळीला मागे वजन लावलेलं असतं, फळी वर गेली की ते खाली येतं आणि नडगीवर बसतं. माझ्या डाव्या नडगीवर त्याची खूण आहे.

हे सगळं मला मिस्त्रींनी शिकवलं. ते नवऱ्याच्या वेळेपासूनचे. रोज एसटीने शहापूरकडून यायचे, डबा खिळ्याला अडकवायचे आणि शर्टाच्या बाह्या दुमडून मशीनपाशी उभे राहायचे. मी पहिल्यांदा पदर मोकळा सोडून मशीनजवळ गेले तेव्हा त्यांनी काम थांबवलं होतं. "वैनी, पदर खोचा नायतर घरी जा," म्हणाले. मी खोचला. पुढे पंजाबी ड्रेसच घालायला लागले आणि ओढणी घरी ठेवली.

त्यांचा एक नियम होता. मशीनवर कायम दोघं. दांड्यापाशी मिस्त्री, दुसऱ्या टोकाला पत्रा सरकवणारा माणूस. पत्रा जागेवर बसला, हात बाहेर आले, की त्या माणसाने "सुटलं" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय दांडा हलायचा नाही. इतक्या वर्षांत कोणाच्या बोटाला इजा झाली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या टोकाला एक बाई आली. वरच्या वाडीवरची, तिशी ओलांडलेली, हाताने चपळ. तिच्या घरची बोली वेगळी. आमच्याशी बोलताना ती शब्द निवडून बोलायची, पण पत्रा सरळ धरायला तिला एकदाही सांगावं लागलं नाही. मिस्त्रींना ती बाबा म्हणायची. तिची एक सवय माझ्या लक्षात आली होती. "सुटलं" म्हणायच्या आधी ती पत्र्यावर दोनदा टकटक करायची. पत्रा नीट बसावा म्हणून करत असेल, असं मी धरून चालले.

त्याच काळात मिस्त्रींनी दुपारचा रेडिओ लावणं बंद केलं. फोनवर ओरडून बोलायला लागले. मी काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे. वयाने माणूस तिरसट होतो, इतकाच अर्थ मी काढला. समोर सगळं दिसत होतं, मी हिशेबात घेतलं नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मशीन धुतलं, पुसलं, हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ मिस्त्री दरवर्षी पट्टीलाच बांधायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दसऱ्याला काम बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठ्यांची घाई होती, कारण लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं आणि लोक कोठी मागत होते. माळ तशीच ठेवून आम्ही काम सुरू केलं. देवाची माळ मशीन चालवायला कशाला सोडायची, असं आम्हा तिघांनाही वाटलं होतं. कोणी बोललं नाही, म्हणजे तिघांनाही वाटलं होतं.

पहिला पत्रा जबड्यात गेला. मी बाजूच्या टेबलावर दुसऱ्या पत्र्यावर रेघा आखत होते. तिने टकटक केली. त्या हादऱ्याने माळेतलं एक फूल सुटलं आणि थेट जबड्यात, पत्र्यावर पडलं. देवाला वाहिलेलं फूल लोखंडाखाली चिरडायचं कसं? तिने हात घातला. "थांबा बाबा, फूल हाय," असं म्हणाली, तेही खाली वाकून. मिस्त्रींची नजर आपल्या टोकाच्या रेघेवर होती. त्यांनी दांडा ओढला.

मी खडू टाकून झेप घेतली आणि दांडा मागे खेचून धरला. पट्टी अर्ध्यात थांबली नाही, पण तिचा जोर मोडला. बाईच्या मधल्या बोटाचं टोक आणि फूल, दोन्ही एकदम दाबले गेले. दांडा उलटा ढकलला, हात बाहेर काढला, पाण्याच्या बादलीत घातला. ती रडली नाही. मिस्त्री मात्र उभ्या जागी खाली बसले.

मीच तिला रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला, हाड शाबूत होतं. नख काळं पडून जाईल, नवं येईल, म्हणाले. फुलाची गादी झाली म्हणून बोट वाचलं, असं ती वाटेत सांगत होती. दांडा मी धरला होता हे मला माहीत होतं, पण मी वाद घातला नाही.

परत आलो तर मशीन ताडपत्रीने झाकलेलं, केर काढलेला आणि मिस्त्रींची पिशवी बांधून दारापाशी ठेवलेली. डबा न उघडताच पिशवीत गेला होता.

मी समोर बसले आणि त्यांना माझं तोंड दिसेल अशा बेताने विचारलं, ऐकू येतं का तुम्हाला. ते पिशवीच्या गाठीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "डाव्या कानाना वरीस झाला काय बी नाय. उजव्याना थोडा थोडा. मना वाटला, रेघ तर दिसते ना."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी मशीनवरना उठवला असता. मशीनवरना उठवल्यावर मी मिस्त्री कसला? पिशवीवाला म्हातारा." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. बायको गेल्यावर या माणसाचा दिवस या मशीनपाशीच सुरू होतो आणि संपतो, हे मला ठाऊक होतं. आज गेले तर ते परत येणार नाहीत, हेही.

तेवढ्यात बँडेज बांधलेलं बोट वर धरून उभी असलेली बाई बोलली. चूक बाबांची नाही, तिची. तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं की बाबा "सुटलं" ऐकत नाहीत, म्हणून ती पत्र्यावर टकटक करायची. पत्रा थरथरला की दुसऱ्या टोकाला त्यांच्या तळहाताला कळायचं. दोघांमध्ये यावर कधी शब्दही झाला नव्हता. त्या दिवशी टकटक करून झाली होती, म्हणजे तिच्या बाजूने होकार गेला होता, आणि मग फूल पडलं.

मला दोघांचाही राग आला. तिने एका माणसाची लाज राखली होती आणि त्यासाठी रोज आपली दहा बोटं पणाला लावली होती. मी म्हटलं, "तुम्ही दोघांनी मिळून मला आंधळं ठेवलंत." त्यावर ती खाली बघून म्हणाली, "ताई, टकटक तर तुमीबी ऐकत होतात."

मिस्त्रींना मी इतकंच सांगितलं की पिशवी इथेच राहू दे, उद्या या. ते आले नसते, म्हणून डबा मी ठेवून घेतला. डबा सोडून जाणारे ते नव्हेत.

त्या दिवशी उरलेला वेळ मी मशीनपाशी एकटी बसले आणि विचार केला. चूक कानाची होती, तशी नियमाचीही होती. ज्याची बोटं जबड्यात जातात त्याच्या हातात काहीच नव्हतं, फक्त एक शब्द होता. दांडा काढून मी बाईच्या टोकाला बसवला. त्याला आडवी मूठ वेल्ड केली आणि ओढ अशी घट्ट केली की दोन्ही हात लावल्याशिवाय तो येत नाही. दोन्ही हात दांड्यावर असले की जबड्यात घालायला तिसरा हात नसतो. मिस्त्रींनी त्यांच्या टोकाला पत्रा लावायचा, मग मागे सरून दोन्ही पंजे वर करून दाखवायचे. ते दिसले की बाईने दांडा ओढायचा आणि मग फळी मिस्त्रींनी उचलायची. वाकवणं त्यांचंच राहिलं. किती कोनाला थांबायचं हे मला आजही त्यांच्याइतकं जमत नाही.

सकाळी ते आले. दांड्याची नवी जागा बघितली, मूठ हलवून बघितली, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. "टाका जाड झालाय," म्हणाले. चार दिवस माझ्याशी तेवढंच बोलले. पंजे वर करायची त्यांना फार लाज वाटायची. पोलिसाने धरल्यासारखे अर्धेच वर करायचे आणि बाई दांड्याला हातच लावायची नाही, नुसती बघत राहायची. शेवटी पंजे खांद्यापर्यंत यायला लागले.

पुढे मी त्यांना कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र मिळालं. ग्राइंडर सुरू झाला की ते काढून शर्टाच्या खिशात ठेवतात, त्यामुळे वर्कशॉपमध्ये त्याचा उपयोग शून्य. घरी नातवंडांचं ऐकू येतं म्हणतात, तेवढं पुरे. बाईचं नख नवं आलं, थोडं वाकडं.

यंदाच्या खंडेनवमीला मिस्त्रींनी माळ आणली ती पट्टीला बांधली नाही. खिडकीच्या गजाला बांधली, मशीनपासून चार हात लांब. मशीनवर एकच फूल, तेही मागच्या वजनावर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडलं तेव्हा ते आधीच पायरीवर बसले होते. आत येऊन त्यांनी ते फूल उचललं, निर्माल्याच्या टोपलीत टाकलं, मग फडक्याने जबडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. तोवर बाई दांड्यापासून दूर, हाताची घडी घालून उभी होती.

पहिला पत्रा आत गेला. मिस्त्री मागे सरले आणि त्यांनी पंजे वर केले, पण जोडल्यासारखे जवळजवळ.

"बाबा, नमस्कार नाय करायचा," ती म्हणाली. "उघडे करा."

त्यांना ऐकू गेलं नसणार. पण ती दांडा धरत नाही हे त्यांनी पाहिलं आणि दहाही बोटं पसरली. तिने ती बघून घेतली, मग दोन्ही हातांनी दांडा ओढला.