डॉक्टरीणबाईंची ओटी

ज्या डॉक्टरीणबाईंच्या हातून माझ्या भाचीचा उजवा हात गेला, त्यांची आमच्या आईने ओटी भरली होती. खण, नारळ, तांदूळ आणि वर एक साडी. ताईला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या सकाळी, त्यांच्याच केबिनमध्ये. पहिलं बाळंतपण म्हणून ताई माहेरी आली होती आणि दवाखाना आईने निवडला होता. लेक आणि नात सुखरूप घरी निघाल्या की बाळंतपण करणारीची ओटी भरायची, ही आईच्या घरची, भिवापूरकडची रीत. पूर्वी सुईणीची भरत, आता डॉक्टरणीची.

नात सुखरूप नव्हती. बाळ मोठं होतं, बाहेर येताना खांदा अडकला आणि डोकं धरून ओढताना मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या सकाळी एवढंच दिसत होतं की डावी मूठ सारखी हलते आणि उजवा हात अंगाशी नुसता पडून राहतो. आईने विचारलंही.

"दबला असेल थोडा," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "तेलाने मालिश करा. रांगायला लागेपर्यंत छान होईल."

आईने त्यांना कुंकू लावलं, बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि मला म्हणाली, "फोटो काढ वं."

मी काढला. आईने तो त्यांना पाठवला, पुढे हात जोडल्याची चित्रं लावून.

भाची रांगलीच नाही. बसल्या जागेवरून डाव्या हाताने फरशी ढकलत सरकायची. तेव्हा आम्ही तिला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा उजवा हात वर उचलला आणि सोडला. तो खाली पडला.

"इतके महिने काय करत होता तुम्ही? नसा जोडायच्या ऑपरेशनची वेळ निघून गेली."

"मालिश," आई म्हणाली.

तो एक शब्द बोलताना आईचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं आहे. त्याबद्दल मी डॉक्टरीणबाईंना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

ग्राहक आयोगात केस टाकली. कागद सगळे इंग्रजीत. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. चार लोकांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दुकानातसुद्धा मी वस्तूकडे बोट दाखवते. वाचायला मात्र कोणाशी बोलावं लागत नाही. डॉक्टरीणबाईंचा लेखी जबाब मी दोनदा वाचला. त्यात होतं की ताईने नीट जोर लावला नाही. सुट्टीच्या दिवशी बाळाचे दोन्ही हात व्यवस्थित होते. पुढे घरच्या लोकांनी अडाणीपणाने मालिश केली, त्यातून इजा झाली असावी. आणि कुटुंब पूर्ण समाधानी होतं, याचा पुरावा म्हणून सोबत ओटीचा फोटो.

मालिशीचं मी आईला सांगितलं नाही. फोटोचं मात्र आमच्या वकिलांनीच सांगितलं.

"ओटी कशाला भरली हो काकू तुम्ही? आता ते म्हणतील, पेशंट खूश होती, मग तक्रार कसली?"

"मले काय सपन पडलं होतं का?" आई उसळली. "साडी बी देल्ली मी तिले. तेच नेसून आली ना तारखेले, तर तिथंच फेडून घेतो, पाहा तुम्ही."

वकील हसले. ताईही हसली, खूप दिवसांनी. मी फोटो पाहत होते. याआधी मी त्यात आईचा चेहरा पाहिला होता, साडी पाहिली होती. आता बाळाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने मान सावरली होती. दुसऱ्या हाताने बाळाचा उजवा हात कोपरात दुमडून त्याच्या पोटाशी धरला होता, बोटं पसरून, खांद्याला जराही ओढ बसणार नाही असा. डावा हात मोकळा होता. दुखरा हात असा धरायचा, हे आम्हाला नंतर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं होतं. डॉक्टरीणबाईंना ते त्याच सकाळी माहीत होतं.

"सर," मी म्हणाले. माझा आवाज नीट निघाला नाही, म्हणून मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि बोटाने दाखवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ पाहिलं. "हा फोटो त्यांनीच दिलाय आपल्याला," ते हळूच म्हणाले. "आता नाही कसं म्हणतील?"

आयोगात समोरच्याला लेखी प्रश्न विचारता येतात आणि उत्तर शपथेवर द्यावं लागतं. तो प्रश्न मी लिहिला: दोन्ही हात व्यवस्थित होते, तर आपण एकच हात असा का धरला आहे? वकिलांनी त्यातला एक शब्द बदलला. शाळेत निबंधाला मिळालेल्या कुठल्याही बक्षिसाचा मला इतका आनंद झाला नव्हता.

उत्तराची तारीख यायच्या आधी डॉक्टरीणबाईंकडून निरोप आला, बसून मिटवून टाकू.

त्यांच्या वकिलांच्या ऑफिसात आम्ही चौघं गेलो: ताई, भाऊजी, आई आणि मी. भाऊजी खापरखेड्याला वीज केंद्रात आहेत, शिफ्ट बदलून आले होते. त्यांना मिटवायचं होतं. "हात थोडा उचलता यावा म्हणून पोरीचं वेगळं ऑपरेशन करायचं आहे. केस कधी संपेल, देवालेच माहीत," ते वाटेत म्हणाले. ते चूक बोलत नव्हते. पण मला ऑपरेशनइतकंच त्या बाईंचं उत्तर हवं होतं.

समोरच्या वकिलांनी अटी सांगितल्या. भरपाई मिळेल, पण चूक झाली असं कुठेही लिहिलं जाणार नाही आणि आम्ही याबद्दल कुठे बोलायचं नाही. डॉक्टरीणबाई साध्या सुती साडीत होत्या. ताईला म्हणाल्या, "तू मला मुलीसारखी आहेस गं."

ताई म्हणाली, "मग माझ्या आईसमोर एकदा सांगा. हात गेलाय, हे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. मालिशीने झालं नाही. एवढं सांगा, मी आत्ता सही करते."

मालिशीचा आरोप आईने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ती डॉक्टरीणबाईंकडे नुसती पाहत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या वकिलांकडे पाहिलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"सांगाल का नाही?" आईने विचारलं.

बाई टेबलाकडे पाहत राहिल्या. ताई उठली. भाऊजी म्हणाले, "अगं, थांब जरा." ती थांबली नाही. आई तिच्यामागे गेली. भाऊजी सर्वांत शेवटी उठले, खुर्ची जोरात मागे सरकवून.

मी दारापर्यंत गेले आणि वळले. असं मी कधी केलं नव्हतं.

"मॅडम, तो प्रश्न मी लिहिलाय," मी म्हणाले. "उत्तर शपथेवर द्यायचं आहे. तेव्हा वकिलांकडे बघून चालणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. एक वयस्क बाई हात मांडीत घेऊन बसली होती. मला त्यांची दया येईल, असं वाटलं म्हणून मी थोडी थांबले. आली नाही. मी दार लावून घेतलं.

जिन्यावर भाऊजी मला मागे टाकून भराभर उतरून गेले. ताईने मात्र खाली पोहोचायच्या आत वकिलांना फोन लावला आणि पुढची तारीख विचारली.