गाळाच्या नळीचं वरचं टोक

आमच्या गाझियाबादच्या कॉलनीत दिनकररावांशी आपणहून बोलायला कुणी जात नसे. गेलं की चिखलावर व्याख्यान. सरकारी भूशास्त्र खात्यात असताना त्यांनी राजस्थानातल्या खाऱ्या तळ्यांच्या तळाशी नळ्या ठोकून गाळ वर काढला होता. पाऊसपाणी बरं असेल त्या काळात काळसर मऊ गाळ बसतो, तळं आटलं की पांढरा खारा थर. हजारो वर्षांचं हवामान असं एकावर एक रचलेलं असतं, हे मला पाठ झालं होतं. पूर्वी पद्मजावहिनी "अहो, पुरे आता" म्हणून माझी सुटका करायच्या. त्या गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि दिनकरराव रिकाम्या घरात दिवसभर रेडिओ लावून बसू लागले.

एका हिवाळ्यात खात्यातून फोन आला. जुन्या नळ्या ठेवलेलं शीतगृह रिकामं करायचं होतं. त्यांच्या अगदी पहिल्या नळीवरची चिठ्ठी गळून पडली होती. वरचं टोक कोणतं तेच कळेना, म्हणजे आधी सुकाळ की आधी दुष्काळ, तेही कळेना. पुन्हा सगळ्या तपासण्या करायला कोण बसणार? खूण सापडली नाही तर ती फेकणार होते.

"विश्वासराव, गाडी काढता?" एवढंच ते म्हणाले. दिल्लीत हिंदूरावच्या टेकडीचा चढ येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मला तर ते आजारीच वाटले.

शीतगृहात अलकनंदा नावाची तरुण अधिकारी होती, दिल्लीतच वाढलेली. "काका, दोन्ही साइड बिल्कुल सेम दिसतात," ती म्हणाली. दिनकररावांनी एका टोकाची पट्टी सोडवली. आत लाकडी बूच. दुसरं टोक उघडलं, तर आत हिरव्या इरकली लुगड्याचा बोळा, मिठानं कडक झालेला.

"हे वरचं," ते म्हणाले. "बूच एकच होतं. लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा, ही हट्टानं तळ्यावर आली होती. गाळ हलू नये म्हणून हिनंच पदर फाडून दिला."

अलकनंदाने मार्करनं नळीवर ठळक बाण काढला. नळी वाचली. मग तिनं तो बोळा त्यांच्यापुढे धरला. "आता याची गरज नाही, काका. घरी घेऊन जा."

त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ धरला आणि परत नळीत बसवला.

"घरी नको. घरी कोण विचारतंय? इथं कुणी नळी उघडली तर निदान विचारेल तरी, हे लुगडं कुणाचं म्हणून."

मला स्वतःचाच राग आला. परतताना गाडीत पुन्हा तीच शांतता. यमुनेच्या पुलावर मला ती सोसवेना.

"दिनकरराव," मी म्हणालो, "तळं आटल्यावर तो पांढरा थर बसतो म्हणता, तो कसा काय?"

"कितीदा सांगितलंय तुम्हाला," ते म्हणाले, आणि सांगू लागले.