टायर मीच निवडले

लेकीच्या गाडीला टायर घ्यायला काल हिंगोलीतल्या दुकानात गेले. कोऱ्या रबराच्या उग्र वासानं मला सत्तरच्या दशकातला एक पौष आठवला.

नर्सच्या नोकरीसाठी माझी मुलाखत औरंगाबादला होती आणि आमच्या जीपचे मागचे टायर गुळगुळीत झाले होते. दुकानातले चकचकीत टायर ह्यांना फार आवडले. मी आतून हात फिरवला, तर बोटांना ठिगळ लागलं. कोपऱ्यात खोल नक्षीची एक धुळकट जोडी होती, ती मी मागितली.

दुकानदार हसला. "बाई, तुमाला टायरातलं काय कळतं?"

"ठिगळ कळतं की!"

ह्यांनी तीच जोडी उचलली.

जिंतूरच्या पुढं अवकाळी पावसानं कच्च्या रस्त्याची काळी माती लोण्यासारखी झाली होती. दोन गाड्या रुतून बसल्या होत्या. ह्यांनी ब्रेक दाबला.

"काहून थांबले? चला!" मी म्हणाले.

जीप डुलली, चिखल माझ्या अंगावर उडाला, पण नव्या चाकांनी माती धरली आणि आम्ही पार झालो. मागं रुतलेले लोक टाळ्या वाजवत होते.

मुलाखतीला मी वेळेवर पोचले. माझ्याकडं पाहून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रस्ता नसलेल्या गावात जाल?"

"व्हय, आत्ता तशाच रस्त्यानं आले."

नोकरी लागली. तेव्हा त्या चिखलानं माखलेल्या पांढऱ्या साडीची मला लाज वाटली होती. आज वाटतं, त्या दिवशी तिथं माझ्याइतकी नटून कुणीच आली नव्हती.