बाबांच्या मापाचे रूळ

माझ्या सॉफ्टवेअर कंपनीने मला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं होतं. येताना मी तिथून एक छोटी आगगाडी आणली. खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशीपट लहान: एक इंजिन, मालाच्या दोन वाघिणी आणि तयार रुळांचे तुकडे.

बाबा नुकतेच आमच्याकडे वाघोलीला राहायला आले होते. विदर्भातल्या एका लहान स्टेशनावर ते कीमन होते. रोज रुळांवरून सहा-सात किलोमीटर चालायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की त्या हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. आई गेली, ते निवृत्त झाले आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत येऊन बसले. माझ्याशी जेवणापुरतं बोलायचे.

एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर प्लायवूड ठेवून रूळ मांडले. बाबा आले, चष्मा लावून वाकले.

"हे आपली लाइन नाही," ते म्हणाले. "रूळ लय जवळ हायेत."

मी कागदावर हिशेब केला. आपल्या ब्रॉडगेजचं माप त्या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरच्या थोडं वर येत होतं आणि हे रूळ साडेसोळाचे होते. पावणेतीन मिलिमीटरचा फरक त्यांनी नुसत्या नजरेने पकडला होता.

"आपल्या मापाचे रूळ हाताने करता येतील," मी म्हणालो. "वाघिणींची चाकं आसावर सरकवता येतात. इंजिनाची नाही. ते चालणार नाही मग."

"इंजिन कोणाचं हाय?"

"जर्मन."

"मंग राहू दे त्याले बाजूले."

बाबांनी आधी गेज मागितलं, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तपासायचं माप. ते करून घ्यायला मी नारायण पेठेतल्या एका लेथवाल्यांकडे गेलो. मी काढलेलं चित्र त्यांनी दोनदा पाहिलं, मग माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड.

"अहो, आपण सॉफ्टवेअरमध्ये ना? हे कॉम्प्युटरवर नाही होत?"

"नाही."

"चला, काहीतरी उरलं आमच्याकरता," म्हणत त्यांनी पंधरा मिनिटांत पितळेच्या तुकड्यावर दोन खाचा पाडून दिल्या.

तयार रुळांच्या प्लास्टिकमधून आम्ही धातूच्या पट्ट्या ओढून काढल्या. रुळांखाली आडवे बसणारे, पातळ लाकडाचे बत्तीस मिलिमीटरचे स्लीपर मी कापायचो, बाबा पॉलिश पेपरने घासायचे. दर तीन स्लीपरला ते गेज लावायचे, आणि ते अडकलं की मला चिकटवलेलं उखडायला लावायचे.

वळणावर मात्र, चाकं सरकवून हाताने ढकललेली वाघीण दर वेळी एकाच जागी घसरू लागली. मी सगळं वळण उखडायला निघालो.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी टेबलाला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत पाहिलं. "तिसरा स्लीपर दबलाय. खाली पॅकिंग दे."

मी पोस्टकार्डाची पट्टी सरकवली. वाघीण सरळ निघून गेली.

बाबा तसेच वाकलेले होते. तशाच अवस्थेत ते सांगू लागले. एका थंडीत, सकाळच्या फेरीत त्यांना तुटलेला रूळ दिसला होता. पॅसेंजर यायची वेळ झालेली. ते तिच्या दिशेने पळत गेले, रुळांवर चाकाखाली वाजणारे इशाऱ्याचे फटाके लावले आणि लाल झेंडी धरून उभे राहिले.

"थांबली गाडी?"

"थांबली. ड्रायव्हर उतरला, रूळ पाह्यला. मंग माह्या डब्यातली भाकर खाल्ली त्यानं माह्यासंगं."

"हे कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"त्यात सांगाचं काय? कामच होतं ते."

आमच्या ऑफिसात प्रोग्राममधली साधी चूक दुरुस्त केली तरी सगळ्या टीमला ईमेल जायचा. मी ईमेल पाठवणाऱ्यांपैकीच एक होतो. मला बाबांकडे बघवेना. मी उगाच पुढचे स्लीपर मोजत बसलो.

दिवाळीपर्यंत चार फुटांची लाइन पूर्ण झाली. इंजिन मी ऑफिसातल्या एकाला देऊन टाकलं. मग बाबांनी सांध्याचं काम काढलं. गाडी एका लाइनवरून दुसरीवर जाते ती ही जागा, आणि तिथली सरकणारी पाती टोकाकडे निमुळती घासावी लागतात. ती त्यांनी मला करू दिली नाहीत. स्वतः बारीक कानशीने घासली. पहिली तीन फेकून दिली. चौथं पातं रुळाला नीट टेकलं तेव्हा त्यांनी जोडावरून नख फिरवून पाहिलं आणि चहा मागितला.