तिसऱ्या रक्ताची तारीख

३१ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी धम्मपाल वाहुळे यांनी वर्षाचा हिशेब पुरा केला तेव्हा प्रकल्पाच्या खात्यात १८,४२,६५० रुपये शिल्लक होते. बँकेचा उतारा आणि त्यांचं कॅशबुक यांच्यात एका पैशाचा फरक नव्हता. त्यांनी दोन्ही आकड्यांवर पेन्सिलीने बारीक टिक केली, पेन्सिलीला टोपण लावलं आणि मरोळ नाक्याहून मेट्रो पकडून घाटकोपरला घरी आले. त्या दिवशी ते खुशीत होते. मिळालेल्या शहाऐंशी लाखांतले अठरा लाख वाचवून दाखवले, हे त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम, असं त्यांना वाटत होतं.

धम्मपाल मूळचे जालन्याकडचे, पण वाढले माहुलला. वडील तिथे ठेकेदाराकडे हमाली करत. ठेकेदार पगाराच्या कागदावर आधी अंगठा घ्यायचा आणि पैसे मागाहून द्यायचा. एका दिवाळीला मागाहून पैसे आलेच नाहीत. वडील विचारायला गेले तेव्हा ठेकेदाराने त्यांचाच अंगठा त्यांना दाखवला. धम्मपाल तेव्हा सातवीत होते. पुढे रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. झाले, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. पण मिळालं नाही ते मिळालं असं लिहायचं नाही, आणि दिलं नाही ते दिलं असं लिहायचं नाही, हा धडा त्यांना कॉलेजात कुणी शिकवावा लागला नाही.

कारखाना बंद पडला. त्या इमारतीत एक संशोधन संस्था आली. "इमारतीतल्या पंख्यांबरोबर मलाही घेतलं," असं धम्मपाल सांगत. संस्थेत डॉ. पद्मजा यांचा प्रकल्प होता. पंचावन्नच्या पुढच्या दोनशे दहा स्वयंसेवकांचं दर सहा महिन्यांनी रक्त घ्यायचं, सोबत स्मरणशक्तीची चाचणी करायची. पैसे एका ट्रस्टचे. तीन वर्षं, दर वर्षी एक हप्ता.

पहिल्या सभेत पद्मजा मॅडमनी स्वयंसेवकांना सोप्या भाषेत सांगितलं होतं. "वय झालं की शरीरातल्या काही पेशी काम थांबवतात, पण मरत नाहीत. तिथेच बसून राहतात आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींना बिघडवतात. मेंदूतही असंच होत असेल, आणि अल्झायमरला त्याचा हातभार लागत असेल, असा आमचा अंदाज आहे. त्याची खूण रक्तात सापडते का ते बघायचंय."

"म्हणजे रिटायर झाल्यावरही रोज येऊन बसणारे हेडक्लार्क!" दुसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत होते एक. स्वतः काही करायचे नाहीत, दुसऱ्यालाही करू द्यायचे नाहीत."

सगळी खोली हसली. पद्मजा मॅडमनी हे उदाहरण पुढे कायमचं उचललं. त्या बाई म्हणजे संघमित्रा, धम्मपाल यांची पत्नी. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

सभेच्या चार महिने आधी एका दुपारी त्या भाजी घेऊन आल्या आणि चौथ्या मजल्यावर अनोळखी दाराच्या कुलपात चावी फिरवत उभ्या राहिल्या. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, बावीस वर्षं. आतल्या बाईंनी दार उघडलं तेव्हा संघमित्रा त्यांनाच म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?" मग तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही.

आजार सुरू झालेली माणसंही पद्मजा मॅडमना हवी होती. पण त्यांनी धम्मपाल यांना स्पष्ट सांगितलं, "वाहुळे साहेब, हा उपचार नाही. ताईंना याचा काही फायदा होणार नाही."

हे घरी सांगितल्यावर संघमित्रा म्हणाल्या, "नसू दे फायदा. एवढी वर्षं शिकवलं, कुठल्या पोराचं पुढे काय झालं ते मला कुठे कळलं? माझं रक्त कुणाच्या तरी कामाला येईल ना?"

त्या स्वयंसेवक क्रमांक ११७ झाल्या. धम्मपाल यांनी त्याच दिवशी संस्थेला पत्र दिलं की क्रमांक ११७ ही माझी पत्नी असल्यामुळे तिचं कुठलंही व्हाउचर मी मंजूर करणार नाही, त्यावर डॉ. पद्मजा यांची सही असावी. व्हाउचर होतं प्रवासभत्त्याचं, साडेतीनशे रुपये. पत्र वाचून पद्मजा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पण ना, कमाल आहात."

पहिलं रक्त ऑगस्ट २०२४मध्ये झालं. चाचणीत पाच शब्द सांगत आणि दहा मिनिटांनी विचारत. परत येताना मेट्रोत संघमित्रा म्हणाल्या, "पाचापैकी चार. ऐंशी टक्के. पहिला वर्ग." मिळालेल्या साडेतीनशे रुपयांत त्यांनी रविवारी धम्मपाल यांना जुहूला नेऊन पाणीपुरी आणि कुल्फी खाऊ घातली. "खा, माझ्या रक्ताची पार्टी आहे." धम्मपाल पाकीट काढायला लागले तेव्हा त्यांच्या हातावर चापट मारली.

दुसरं रक्त फेब्रुवारीत झालं. येताना मेट्रोत संघमित्रा साकीनाका गेल्यावर म्हणाल्या, "दोन. नापास."

"अगं, ती काय परीक्षा आहे?"

"मग काय आहे?"



त्या वेळचं व्हाउचर मॅडमच्या सहीआधी नोंदीसाठी धम्मपाल यांच्याकडे आलं ते दुसऱ्या दिवशी. पैसे मिळाल्याच्या रकान्यात संघमित्रांनी वळणदार अक्षरात सही केली होती, 'संघमित्रा खंडागळे'. ते त्यांचं लग्नाआधीचं आडनाव. चौतीस वर्षांत त्यांनी ते कधी लिहिलं नव्हतं. नावात फरक असलेलं व्हाउचर पास होत नाही. नवं करून पद्मजा मॅडमची सही घ्यायची, एवढंच काम होतं. पण मग मॅडमना जुनं दाखवावं लागलं असतं. धम्मपाल यांनी ते खणात ठेवलं. उद्या करू म्हणाले. एखादं काम उद्यावर टाकलं असं त्यांच्या बाबतीत फारसं झालं नव्हतं.

पद्मजा मॅडमचं सगळं लक्ष तिसऱ्या रक्ताकडे होतं. त्या म्हणत, "दोन ठिपक्यांतून रेघ कशीही काढता येते. तिसरा ठिपका पडला की कळेल खाली जातेय की कशी. ऑगस्टमध्ये तिसरं, पंधरा दिवस इकडे तिकडे. तारीख चुकली तर पहिली दोन वाया." घरी संघमित्रांनी कॅलेंडरवर १८ ऑगस्टला लाल गोल करून ठेवला होता. त्या गोलाकडे रोज बघत.

ट्रस्टची अट होती की पहिल्या हप्त्याचे ऐंशी टक्के खर्च झाल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. धम्मपाल यांनी तीन ठिकाणचे दर मागवून, घासाघीस करून, रक्ताचे नमुने ठेवण्याचा मोठा फ्रीझरच सव्वासहा लाखांनी स्वस्त आणला होता. मार्चअखेर खर्च ७८.५७ टक्क्यांवर अडला. कमी पडत होते एक लाख बावीस हजार सहाशे पन्नास रुपये.

२९ मार्चला तपासणीच्या किटचा पुरवठादार फोनवर म्हणाला की माल चार एप्रिलला येईल, पण बिल आजच पाठवतो. बिल होतं एक लाख चौऱ्याण्णव हजार सातशेचं. पद्मजा मॅडम धावतच हिशेबाच्या खोलीत आल्या.

"वाहुळे साहेब, बिल घ्या आणि टाका खर्चात. ऐंशीच्या वर जातो आपण."

"माल आलाय का मॅडम?"

"सहा दिवसांनी येतोय हो!"

"मग माल मिळाला म्हणून सही कोण करणार? मी?"

"सगळे करतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. न मिळालेल्या वस्तूवर मी सही नाही करणार." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. आपण पैसे उडवले नाहीत, वाचवलेत. मी सविस्तर पत्र लिहितो. पैसे वाचवले म्हणून कोण शिक्षा करतं?"

त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं. फ्रीझरचे तिन्ही दर जोडले. चार एप्रिलला किट आले, ते मोजून रजिस्टरात नोंदवले आणि तेव्हाच बिलावर सही केली. बिलाचे पैसे मात्र दुसऱ्या हप्त्यातून द्यायचे ठरले, कारण निर्णय होईपर्यंत शिल्लक रकमेला हात लावू नका, असं ट्रस्टने म्हटलं होतं.

जूनमध्ये चार ओळींचा ईमेल आला. अट पूर्ण न झाल्याने दुसरा हप्ता देता येत नाही. नव्या समितीने यापुढे वेगळे विषय घ्यायचं ठरवलं आहे. प्रकल्प बंद समजावा. शिल्लक परत करावी, किटचं बिल संस्थेने स्वतः भागवावं.

धम्मपाल यांनी ट्रस्टला फोन लावला. तिथे नीलम नावाच्या अधिकारी होत्या, बोलायला चांगल्या.

"मॅडम, आम्ही पैसे वाचवले आहेत. पत्रात लिहिलंय सगळं."

"वाचलं सर मी. खरंच छान लिहिलंय. पण काय आहे ना, आमच्या सिस्टममध्ये खर्च झाले आणि खर्च झाले नाहीत, असे दोनच कॉलम आहेत. वाचवले असा कॉलमच नाहीये."

"मग मी कुणाशी बोलू?"

"सर, नियम म्हटल्यावर मी तरी काय करणार? तुम्ही असता तर काय केलं असतं?"

धम्मपाल यांनी फोन ठेवला. त्यांनीही हेच केलं असतं.

त्यांनी ट्रस्टला आणखी तीन पत्रं पाठवली. शेवटच्या पत्रात, स्वयंसेवकांपैकी काहींना वेळ थोडा आहे, असं एक वाक्य घातलं आणि मग ते हिशेबाच्या पत्रात शोभत नाही म्हणून काढून टाकलं. संस्थेच्या संचालकांना भेटले. ते म्हणाले, नमुने डिसेंबरपर्यंत ठेवू, पुढचं बघू. फ्रीझरच्या विजेचं बिल कोण भरणार, एवढंच त्यांनी विचारलं.

जुलैअखेर पद्मजा मॅडमचा करार संपला. दुसऱ्या शहरात त्यांना काम मिळालं होतं, दुसऱ्याच विषयावर. जाताना त्या धम्मपाल यांच्या टेबलापाशी थांबल्या.

"मी तुम्हाला दोष देत नाही, साहेब."

"द्या ना. बरं वाटेल."

त्या हसल्या नाहीत. "ताईंना सांभाळा," म्हणाल्या आणि गेल्या. खणातल्या व्हाउचरची आठवण धम्मपाल यांना झाली ती मॅडमची रिक्षा फाटकाबाहेर वळल्यावर.

प्रकल्प बंद झाला हे त्यांनी घरी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा संघमित्रांना ते पहिल्यांदाच कळलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, "का हो? कुणाची चूक झाली?" पहिल्यांदा धम्मपाल म्हणाले, माझी. दुसऱ्यांदा म्हणाले, नियमाची. तिसऱ्यांदा, "माहीत नाही गं."

१८ ऑगस्टला सकाळी आठ वाजता त्या पांढरी सुती साडी नेसून, पर्स काखेत घेऊन दारात उभ्या होत्या.

"चला. उपाशीपोटी जायचंय ना?"

धम्मपाल यांनी एकदा कॅलेंडरकडे पाहिलं आणि बूट घातले.

मरोळला रक्त घ्यायच्या खोलीला कुलूप होतं. चावी हिशेबाच्या खोलीत, त्यांच्याच ताब्यात होती. त्यांनी कुलूप काढलं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. बाजूच्या खोलीतून फ्रीझरची घरघर येत होती. संघमित्रा एक खुर्ची ओढून बसल्या, ब्लाउजची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"टोचा. बघताय काय?"

"नर्स नाहीये."

"येईल." त्या हात तसाच धरून बसल्या. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. धम्मपाल यांनी हळूच त्यांचा हात खाली घेतला.

"मग शब्द तरी विचारा. एवढं लांब आलेय मी."

धम्मपाल यांना असल्या चाचण्यांतलं काही कळत नव्हतं. त्यांनी समोर दिसलं ते सांगितलं. "कुलूप. पेन्सिल. खुर्ची. खिडकी. चावी." संघमित्रांनी पाचही शब्द त्यांच्यामागून स्वच्छ म्हटले, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा सुरात. मग दोघं बसून राहिले. धम्मपाल घड्याळ बघत होते. बरोबर दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं.

संघमित्रांनी खिडकीकडे पाहिलं, रचलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. डोळ्यांसमोर होतं तरी त्यांना ते शब्द म्हणून सापडत नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पेन्सिल."

"बरोबर."

"एक." त्यांनी बाही खाली ओढली. "लिहून ठेवा. पुढच्या वेळी लागेल."

धम्मपाल यांनी खिशातल्या डायरीत तारीख घातली आणि पुढे एक लिहिलं. तो आकडा कुणाला पाठवायचा होता असं नाही.

निघताना संघमित्रा दारात थांबल्या. "आणि माझे साडेतीनशे? मागचेसुद्धा मिळाले नाहीत. सही केलीय मी."

धम्मपाल यांनी पाकिटातून पैसे काढून पुढे केले. संघमित्रांनी ते हातानेच मागे सारले.

"हे तुमचे आहेत. मला संस्थेचे पाहिजेत."

पुढच्या आठवड्यात धम्मपाल यांनी ट्रस्टला १८,४२,६५० रुपये परत पाठवले, व्याज वेगळं. कागदांवर खुणा करून फाइल बांधली. क्रमांक ११७चं व्हाउचर त्यांनी स्वतः पास केलं नाही, आणि करणारं दुसरं कुणी संस्थेत नव्हतं. फाइलच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक ओळ लिहिली. स्वयंसेवक क्रमांक ११७, फेब्रुवारी २०२५चा प्रवासभत्ता, ३५० रुपये, देणे बाकी.