हवालदार पडवीत का झोपतो

आप्पासो हवालदार बर्फाबद्दल बोलायला लागला की पारावरची माणसं सरसावून बसायची. माणदेशातल्या माणसाला बर्फाचं भारी कौतुक. पाणी म्हणजे टँकरनं येणारी वस्तू, एवढंच त्याला ठाऊक. आणि हा गडी सांगायचा की तिकडं डोंगरच्या डोंगर पाण्याचे असतात, फक्त प्यायच्या आधी वितळवावे लागतात. मग तो एकेक काढायचा. अंडं हातोडीनं फोडावं लागतं. टोमॅटो भिंतीवर फेकला तर भिंतीचा पोपडा निघतो, टोमॅटोला ओरखडा उठत नाही. दाढीला लावलेला फेस वस्तरा लागायच्या आधीच खडखड वाजतो. यातलं खरं किती आणि पदरचं किती, हे कुणी विचारत नसे. ऐकताना बरं वाटायचं, तेवढं पुरे होतं.

त्याच्या सगळ्या गोष्टी हसवणाऱ्या होत्या आणि सगळ्या एका ठिकाणी येऊन थांबायच्या. कुणी विचारलंच, की तुझा तो जतकडचा जोडीदार गेला तो कसा गेला, तर आप्पासो म्हणायचा, "बर्फानं गेला." आणि मेंढरं बघून येतो म्हणून उठायचा. मेंढरं त्या वेळी आपली निवांत रवंथ करत असायची.

त्याचं घराणं मेंढरंवाल्यांचं. बाप दर साली कळप घेऊन पाण्याच्या शोधात भटकायचा. आप्पासो पलटणीत भरती झाला, देशाच्या पार टोकाला जाऊन बर्फात राहिला आणि पेन्शन घेऊन गावी आल्यावर पुन्हा थोडी मेंढरं पाळून बसला. लोक म्हणत, सरकार पगार देतंय तर बस की खाटेवर. तो बसायचाही खाटेवर, पण ती खाट पडवीत. थंडी असो, वारा असो, हवालदार झोपायचा पडवीत, घोंगडं पांघरून. आत दोन चांगल्या खोल्या, वर स्लॅब, खाली फरशी, आणि घरधनी बाहेर.

गावाला यात मौज वाटायची. मेंढरंवाल्याचं रक्त आहे, त्याला छप्पर सोसत नाही, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, मिलिटरीतली सवय. त्याच्या बायकोला, हरणाबाईला, मात्र यात कसलीच मौज वाटत नसे. लग्न झालं तेव्हापासून नवरा सीमेवर, आणि सीमेवरून आला तो पडवीत. नळावर बायका तिला चिडवायच्या. सुरुवातीला ती हसली, मग हसायची बंद झाली. दोनदा तिनं त्याला विचारलंही होतं. आत कोंडल्यागत होतं, एवढंच तो म्हणाला होता. कोंडल्यागत होतं ते आपल्यामुळंच, असं धरून ती गप्प बसली होती आणि ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. आप्पासोला ते कळत होतं. कळूनही त्याचं तोंड उघडत नव्हतं.

तसा तो घरात अगदीच येत नसे असं नाही. थंडीच्या दिवसांत तो मध्येच उठायचा, आतल्या दाराला कान लावायचा आणि श्वास ऐकायचा. हरणाबाईचं घोरणं ऐकू आलं की परत जाऊन पडायचा. सोनिया, त्यांची एकुलती मुलगी, लहान असताना तर तो तिला हलवून जागी करायचा, जागी हाय का म्हणून विचारायचा आणि तिनं हूं केलं की झोप म्हणायचा. सुट्टीवर आलेल्या बापाच्या या खोडीनं पोरगी रडकुंडीला यायची.

घर बांधतानाही त्यानं असलाच एक हट्ट केला होता. प्रत्येक खोलीत छताच्या खाली एक झरोका, त्याला ना काच, ना झडप. गवंड्यानं तीनतीनदा विचारून घेतलं होतं. हरणाबाई म्हणाली होती, चिमण्या पोसायला बांधताय का घर? आणि झालंही तसंच. दरसाल चिमण्या घरटं करायच्या आणि आप्पासो दरसाल ते हलक्या हातानं बाजूला सरकवून द्यायचा. झरोका मोकळा पाहिजे, ही त्याची अट होती.

यंदा सोनिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई शिवतेज सांगलीला नोकरीला. पोरगी झाली, नाकीडोळी नीटस, आणि घर कसं भरून गेलं. आता आपल्याकडं रीत अशी, की बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची आणि वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून दारंखिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. ही रीत आप्पासोला ठाऊक होती. म्हणूनच पोरगी यायच्या आधीच तो साताऱ्याला जाऊन विजेवरचा हिटर घेऊन आला होता. शेगडीला शिवायचं काम नाही, बटण दाबलं की ऊब. मालिश करायला येणाऱ्या म्हाताऱ्या मनुबाईनं नाक मुरडलं. तारेच्या उबेनं कुठं बाळंतीण शेकून निघते का, असं तिचं म्हणणं. पण हवालदार ऐकेना, म्हणून बायकांनी चालवून घेतलं. त्याला वाटलं, चला, एवढं एक निभावलं.

मग मार्गशीर्षात आभाळ भरून आलं. ज्या मुलखात पावसाळ्यातही पाऊस वाट बघायला लावतो, तिथं भर थंडीत तो आला, तोही वाऱ्यासकट. बारीक, गार, न थांबणारा. दिवाळीनंतर कातरलेल्या मेंढरांच्या अंगावर बोटभर लोकरही आली नव्हती. सकाळपर्यंत तारांचे खांब आडवे झाले आणि सगळ्या शिवारातली वीज गेली. वायरमनचा फोन लागेना. लागला असता तरी त्यानं काय केलं असतं? खांब काही फोनवर उभे राहत नाहीत.

आप्पासो दिवसभर मेंढरांच्या मागं होता. बर्फात त्यानं थंडी बघितली होती, पण ती कोरडी. झटकली की खाली पडायची. ही ओली थंडी अंगात मुरत होती. त्यानं ताडपत्री बांधली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वारा अडवला, कोकरं पोत्यानं पुसपुसून आयांच्या पोटाशी सारली. दोन कोकरं त्याच्या हातातच गार झाली. त्याला वाईट वाटलं, पण थांबायला सवड नव्हती. शेवटचं मेंढरू आत घालून तो घराकडं वळला तेव्हा दिवस कलला होता.

घराच्या मागच्या अंगानं येताना त्यानं सवयीनं वर बघितलं. झरोक्यातून पोत्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

आप्पासो जागच्या जागी थिजला. हिटर बंद, म्हणजे शेगडी आत गेली असणार. झरोका बुजवलाय, म्हणजे दाराच्या फटीतही चिंध्या कोंबल्या असणार. मग तो पळाला. त्या वयात, चिखलातून, घोंगडं कुठंतरी टाकून. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, हे सगळं विसरून त्यानं दाराला खांदा दिला आणि आत शिरला. मनुबाई किंचाळली. हरणाबाई आ वासून बघत राहिली. त्यानं बाजेखालची शेगडी ओढली, चटका बसला तरी सोडली नाही, आणि उचलून पावसात फेकली. मग खिडकी उघडली. गार वारा आत घुसला आणि बाळानं टाहो फोडला. त्या रडण्यानं त्याचा जीव भांड्यात पडला.

पण सोनिया पटकन उठेना. त्यानं तिला हलवलं, लहानपणी हलवायचा तसंच. तिनं जड डोळे उघडले आणि म्हणाली, "आबा, डोकं लय जड झालंय. झोपू द्या की."

"झोपायचं न्हाई," तो म्हणाला. "बसून ऱ्हा. खिडकीकडं तोंड कर."

हरणाबाईचा संताप आता वर आला. ओल्या बाळंतिणीच्या खोलीत वारा घेतला, विटाळाचा विचार केला नाही, पेटती शेगडी पाण्यात घातली. घरात थांबायचं नाही ते नाही, वर दुसऱ्यांनाही उबेत राहू द्यायचं नाही, असं ती एका दमात बोलली. इतक्या वर्षांचं साठलेलंही त्यात होतं. बोलता बोलताच ती चुलीकडं गेली, घमेल्यात नवे निखारे भरले आणि खोलीकडं निघाली. आप्पासो उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"सरका," ती म्हणाली. "लेकरू गारठंल."

"केरबा असाच गेला," तो म्हणाला.

हरणाबाई थांबली. केरबा म्हणजे तो जतकडचा जोडीदार, हे तिला ठाऊक होतं.

"त्यो बर्फानं गेला म्हणून सांगत आलो. न्हाई गेला बर्फानं. मला ताप भरला हुता. अंगावर समदी पांघरुणं घातली तरी हुडहुडी जाईना. चौकीत बुखारी, म्हंजी रॉकेलची शेगडी, पेटलेली. वारं खेळायला भिंतीत एक भोक असायचं, त्ये बुजवायचं न्हाई असा कडक हुकूम. त्येनं माझ्यापायी त्यात पोतं कोंबलं. म्हणला, गड्या, घटकाभर ऊब घे, मग काढतो. तवर माझी पहाऱ्याची पाळी आली. त्यो म्हणला, मी जातो. मी म्हणलं, नगं, तू लय दमलायस, झोप तू. आन मी भाईर गेलो."

त्यानं भाजलेला हात चौकटीला टेकला. पावसाचा आवाज येत होता.

"परत आलो तवा आत लय ऊब हुती. केरबा गालाखाली हात घिऊन झोपला हुता. मी हाक मारली. मग हलवला. उठला न्हाई. अगं, ठसका न्हाई, खोकला न्हाई, काय न्हाई. बंद खोलीत इस्तवाचा इखारी गॅस साठतो, नुसतं डोकं जड हुतं आन झोप लागती."

हरणाबाईनं घमेलं खाली ठेवलं. तिची नजर सोनियाकडं गेली. पोरगी खिडकीशी बसून डोकं दाबत होती.

"त्येच्या आईकडं गेलो हुतो, जतला," आप्पासो म्हणाला. "रंगूबाई. तिनं मला येकच इचारलं. थंडीनं लय हाल झालं का रं त्येचं? मी म्हणलं, न्हाई आवं, ऊबंत हुता. त्येवढंच सांगितलं. पुढचं कुणाला सांगायला माझी जीभ रेटली न्हाई."

हरणाबाई आत गेली, बाजेवर चढली आणि झरोक्यातलं पोतं तिनं स्वतःच्या हातानं ओढून काढलं.

मनुबाईची गाडी अजून थंडीवरच अडली होती. वारा लागल्यावर लेकराचं काय, म्हणून ती पुटपुटली. पण हरणाबाई उत्तर द्यायच्या आत तीच म्हातारी हरणाबाईकडं बघून पुन्हा म्हणाली, "तशी तूबी कुठं खोलीत जलमलीस म्हणा. तुझ्या आईनं तुला मेंढराच्या तळावर जलम दिला, वर आभाळ हुतं. तुला घोंगड्यात गुंडाळून मीच घिऊन बसले हुते." आणि एवढं आठवल्यावर म्हातारीला पुढचंही आठवलं, की तळावर ऊब कशी करायची.

शेगडी पडवीत पेटली. घर बांधताना उरलेल्या विटा मागं पडून होत्या, त्या आप्पासोनं निखाऱ्यावर मांडल्या. वीट तापली की तो ती पोत्याच्या तुकड्यात गुंडाळायचा आणि उंबऱ्याशी ठेवायचा. हरणाबाई ती उचलून बाजेवर पायथ्याशी सरकवायची, आधी आपल्या गालाला लावून बघून. गार झालेली परत बाहेर यायची. सोनियानं पोरीला उघड्या अंगानं छातीशी धरली, वरून घोंगडं घेतलं. तिच्या डोक्याचा जडपणा हळूहळू उतरला आणि तिला भूक लागली. भूक लागली म्हटल्यावर मनुबाईचा सगळा रुसवा गेला. खोलीत धूर नव्हता, झरोक्यातून वारा खेळत होता आणि पोरीचे तळपाय कोमट होते. आप्पासोनं ते तळपाय बघितले नाहीत, उंबऱ्यातून नुसतं विचारलं. हरणाबाईनं सांगितलं, कोमट हायत.

वीज काही दिवसांनी आली. खांब उभे राहिले, हिटर लागला. आप्पासोच्या हातावर चटक्याचा डाग राहिला. पारावर लोकांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदा केरबाचं सगळं सांगितलं, न हसवता. माणसं ऐकून घेऊन उठली आणि बहुतेकांनी घरी जाऊन आधी खिडक्या बघितल्या असाव्यात. बाराव्याला पोरीचं नाव ठेवलं, जावई येऊन गेला.

बाराव्याचे पाहुणे गेल्यावर हरणाबाई संध्याकाळचं आवरून पडवीत आली. तिच्या काखेत तिची वाकळ होती आणि उशी. आप्पासो खाटेवर टेकला होता. त्याला वाटलं, वाकळ वाळत घालायची असेल.

"आवं, सरका की जरा," ती म्हणाली.

त्यानं सांगून बघितलं की बाहेर गारठा लय आहे, तिला सोसायचा नाही. ती म्हणाली, "मी उगंच इतकी वर्सं माझ्यात काय खोट हाय म्हणून बघत बसले. आधी सांगितलं असतं तर न्हाई का चाललं?"

तो सरकला. खाट करकरली. तिनं आपली वाकळ दोघांच्या अंगावर पसरली, वर त्याचं घोंगडं ओढलं आणि त्यातला मोठा वाटा आपल्याकडं घेतला. आतून नातीचं किरकिरणं आणि सोनियाचं थोपटणं ऐकू येत होतं. मग तेही शांत झालं.

आप्पासो सवयीनं उठायला गेला, दाराला कान लावायला. पण त्याच्या आधीच शेजारी हरणाबाई घोरायला लागली होती, चांगली मोठ्यानं. तो परत आडवा झाला आणि ऐकत राहिला.